यंत्र घाटात आणा, कायदा जागेवर ठेवा

ताम्हिणीत बाळंतपणाची तारीख फाल्गुनात पडते की श्रावणात, यावर बरंच काही ठरतं. फाल्गुनात रस्ता असतो. श्रावणात तो असेलच असं सांगता येत नाही. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यानंतर लगेच, ऑगस्टच्या सुरुवातीला, आदरवाडीजवळ रस्ता खचला आणि घाटातली वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. पुण्यात या बातम्या शनिवार-रविवारच्या धबधब्याच्या बेतासाठी वाचल्या जातात. डोंगरवाडीत, निव्यात किंवा एखाद्या धनगरवाड्यावर आठवा सरलेली बाई असेल, तर त्या घरात याच बातमीने झोप उडते.

अशा बाईला होळीच्या सुमारास कुणी सांगितलं, की वार पिशवीच्या तोंडाशी दिसतेय, वैशाख संपताना पुन्हा बघू. आणि वैशाखात पुन्हा बघून सांगितलं, की वार सरकलेली नाही, हे बाळंतपण रक्तपेढी जवळ असलेल्या मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं, तर ती मृगाच्या आत पिरंगुटला बहिणीकडे नाहीतर घाट उतरून माणगावला मावशीकडे जाऊन राहील. घरातले कुरकुरतील, लावणीच्या दिवसांत एक माणूस कमी झालं म्हणतील, पण ऐकतील. नाही सांगितलं, तर हे कळण्याचा एकच मार्ग उरतो. एका रात्री अंगावरून जायला लागतं आणि बाहेर धो धो कोसळत असतं.

सोनोग्राफीबद्दल आपण बोलतो ते एक तर बाळाच्या पहिल्या फोटोबद्दल, नाहीतर गर्भलिंगनिदानाबद्दल. रस्ता नसलेल्या ठिकाणी तिचा उपयोग काय, हा विषय फारसा निघत नाही. म्हणून तोच आधी मांडतो.

पाळीची तारीख नेमकी आठवत नाही, असं सांगणाऱ्या बायका घाटात पुष्कळ भेटतात. त्यात त्यांचा दोष नाही. कामाच्या रगाड्यात कॅलेंडर कोण बघतं? पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली, तर गर्भाच्या लांबीवरून दिवस मोजता येतात आणि बाळंतपणाची तारीख चार-सहा दिवसांच्या फरकाने कळते. जितका उशीर, तितका अंदाज ढिला. गर्भ पिशवीत आहे की नळीत अडकलाय, हेही तेव्हाच दिसतं. नळीतला गर्भ फुटला तर पोटातल्या पोटात रक्तस्राव होतो आणि मग किलोमीटर मोजायलाही वेळ उरत नाही. अठरा ते वीस आठवड्यांची तपासणी बाळाच्या अवयवांची: मेंदू, मणका, हृदय, मूत्रपिंडं. जुळं असेल तर एव्हाना ते कळलेलंच असतं. विसाव्या आठवड्याला वार खाली दिसली, तरी बहुतेकींची ती पुढे वर सरकते. काहींची सरकत नाही. म्हणून बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा पाहायचं. त्याच वेळी बाळाची वाढ, गर्भजल, बाळ आडवं आहे का, हेही बघून होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीत चोविसाव्या आठवड्याच्या आत किमान एक सोनोग्राफी प्रत्येकीची व्हावी, असं म्हटलं आहे. प्रत्येकीची, म्हणजे ताम्हिणीतल्या बाईचीसुद्धा. चोवीस आठवड्यांना आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. २०२१ मध्ये गर्भपाताचा कायदा सुधारला आणि ठरावीक स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत गेली. बाळात गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही, पण वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. ज्या बाईची पहिली सोनोग्राफीच आठव्या महिन्यात होते, तिच्यासाठी ही सुधारणा कागदावरच राहते.

सोनोग्राफी म्हणजे सगळं काही, असं मात्र समजू नये. रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, लोहाच्या गोळ्या यांच्या जागी ती येत नाही. शहरात तर तिचा अतिरेकच चालतो; दर भेटीला एक, शिवाय हौसेची रंगीत चित्रं. पण एकीकडे अतिरेक आहे म्हणून दुसरीकडे दुष्काळ असायला हरकत नाही, असं कुणी म्हणणार नाही.

अतिरेक आणि दुष्काळ हे दोन्ही एकाच तालुक्यात आहेत, हे मुळशीचं वैशिष्ट्य. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं. भुगाव, पिरंगुट मुळशीतच. लवासाही इथलंच. आणि ताम्हिणीही. पुण्यापासून पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे मुंबईकराच्या लेखी नोकरीला रोज जाण्याचं अंतर. पण पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जायचं तरी घाटातल्या बाईचा अख्खा दिवस जातो, तिच्या रोजाचा खाडा होतो, सोबतच्याचाही होतो, आणि परतीची एसटी चुकली तर गाडी करावी लागते. या तालुक्याने देशाला कमी दिलेलं नाही. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो हरला, आणि मावळातल्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ते पाणी घाटाखाली भिऱ्याला पडून मुंबईसाठी वीज तयार होते. शंभर वर्षं मुंबईचे दिवे लावणाऱ्या खोऱ्यात एक सोनोग्राफीचं यंत्र ठरल्या दिवशी येऊन उभं राहावं, ही मागणी काही जास्त नाही.

ती मागणी केली की पहिलं उत्तर तयार असतं: कायदा आडवा येतो. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे यंत्र हलवता येत नाही, हलवलं की गुन्हा. हे उत्तर तालुक्याच्या बैठकीतही ऐकू येतं आणि शहरातल्या डॉक्टरांच्या गप्पांतही. त्यातूनच पुढचं वाक्य निघतं, की हा कायदा आता जुना झाला, त्याने गरिबांचंच नुकसान होतंय, तो सैल करा.

दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिलं आधी घेऊ. २०१२ मध्ये या कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. हातात घेऊन फिरण्याजोगं सोनोग्राफी यंत्र दोन ठिकाणी वापरता येईल, असं त्यात लिहिलं आहे: नोंदणी झालेल्या रुग्णालयाच्या आवारात, दाखल रुग्णांसाठी, आणि इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. म्हणजे रक्त-लघवीची तपासणी, ईसीजी, औषधं आणि सोनोग्राफी असं सगळं घेऊन एखादी गाडी नोंदणी करून ताम्हिणीत आली, तर कायदा तिला अडवत नाही. तो अडवतो ते नुसतं यंत्र गाडीत टाकून गावोगाव गर्भ बघत फिरणाऱ्याला. त्याला अडवायलाच हवं. यंत्र चालवणारा रेडिओलॉजिस्ट मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास झालेल्या एमबीबीएस डॉक्टरलाही सोनोग्राफी करण्याची वाट दिली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर या प्रशिक्षणाला पाठवायचा की नाही, हा प्रश्न कायद्याचा नाही. इच्छेचा आणि पैशांचा आहे.

पैशांची सोयही कागदावर झालेली आहे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर बाईच्या तपासण्या मोफत आहेत, सोनोग्राफीसुद्धा. घरून दवाखान्यात आणि परत घरी जाण्याचा प्रवासही मोफत. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी होते. तारीख ठरलेली, पैसा ठरलेला, नियम मोकळा. फक्त गाडी आदरवाडीच्या वळणापर्यंत यायची राहिली आहे.

आता दुसरं वाक्य, कायदा सैल करा. हे केवळ चहाच्या टपरीवरचं मत नाही. एप्रिल २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन केंद्र सरकारने या कायद्याचे काही नियम तात्पुरते स्थगित केले होते, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान द्यावं लागलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सुचवलं, की लिंगनिदानावरची बंदी उठवावी, गर्भ मुलीचा असेल तर तो नोंदवावा आणि जन्मापर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवावं. त्याआधी, २०१६ मध्ये, असाच विचार केंद्रातल्या एका मंत्र्यांनीही बोलून दाखवला होता. ऐकायला हुशारीची वाटणारी ही कल्पना पुन्हा पुन्हा डोकं वर काढते, म्हणून तिचं उत्तर पुन्हा पुन्हा द्यावं लागतं.

लक्ष ठेवणार कोण? तीच आशाताई, जी आधीच लसीकरण, कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, पोलिओ, आधारची माहिती आणि वर मोबाइलवरचे फॉर्म भरत धनगरवाड्यांवर चढते. आणि लक्ष कुणावर? बाईवर. तिचा गर्भ आपोआप पडला, आणि असे गर्भ पडतातच, तर दारात चौकशी येणार. आजच्या कायद्याची सगळ्यात शहाणी गोष्ट ही, की तो बाईला आरोपी मानत नाही. नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिला भाग पाडलं, असं तो गृहीत धरतो. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. तपासणीसाठी तिला नेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. जबाबदारी यंत्र चालवणाऱ्यावर आणि दडपण आणणाऱ्यावर. ‘लक्ष ठेवा’ची योजना हे उलटं करते: डॉक्टर मोकळा, बाई संशयित.

परदेशातले नातेवाईक विचारतात, आमच्याकडे तर डॉक्टर स्वतःच सांगतात, निळा-गुलाबी केक कापतात, काय बिघडतं? बिघडतं. ब्रिटन, कॅनडा, अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचे अभ्यास झाले आहेत. आधी मुली असलेल्या घरांत पुढच्या अपत्यात मुलग्यांचं प्रमाण वर गेलेलं त्यांत दिसलं आहे. पासपोर्ट बदलला म्हणून वंशाच्या दिव्याची ओढ बदलत नाही.

आणि हा कायदा कुणी दिल्लीहून आपल्यावर लादलेला नाही. तो महाराष्ट्राचा आहे. १९८० च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासून मुलगा की मुलगी सांगण्याचा धंदा उघड चालायचा. आत्ता पाचशे खर्च करा, पुढचे पाच लाख वाचवा, अशा थाटाच्या जाहिराती होत्या. पाच लाख म्हणजे हुंडा, हे वेगळं सांगावं लागत नसे. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये मुंबईतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा पन्नासपैकी बेचाळीस जण ही तपासणी करत असल्याचं आढळलं. विभूती पटेल, रवींद्र रु. पं. आणि त्यांच्या सोबत्यांनी मोर्चे काढले, दवाखान्यांसमोर निदर्शनं केली, आमदारांच्या पाठी लागले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये आणि लागू झाला १ जानेवारी १९९६ पासून.

मग तो झोपला. गर्भजलाची सुई मागे पडली आणि सोनोग्राफी आली: स्वस्त, न टोचणारी, गल्लीतल्या दवाखान्यात मावणारी. २००० मध्ये ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्थांनी आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, न्यायालयाने राज्यांना कामाला लावलं, आणि २००३ मध्ये कायदा सुधारून सोनोग्राफीच्या प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक तपासणीचा कागद सक्तीचा झाला. ‘मासूम’चं काम इथून लांब नाही, पलीकडच्या पुरंदर तालुक्यातलं. कायद्याची मुळं इतकी जवळची आहेत.

कायदा नसता तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. कायदा असताना, पण ढिला असताना काय झालं, ते मात्र जनगणनेत आहे. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. आपल्या पुणे जिल्ह्यात ८८३, म्हणजे राज्याहूनही खाली. आणि गडचिरोलीत ९६१. हे आकडे नीट बघा. जिथे पैसा, गाड्या आणि यंत्रं जास्त, तिथे मुली कमी. जिथे जंगल आणि गरिबी, तिथे जास्त. घाटातल्या बाईला यंत्र दिलं तर गैरवापर होईल, अशी भीती शहरातून व्यक्त होते, तेव्हा मला हसू येतं. गैरवापराची परंपरा कुठली, ते जनगणनेनेच सांगून ठेवलं आहे. तरीही यंत्र येईल तिथे कायदाही त्याच्यासोबत यायला हवा, कारण उद्या ताम्हिणीतही पैसा येईल; रिसॉर्टं आणि प्लॉटिंगच्या पाट्यांच्या रूपाने तो आलेलाच आहे.

परळी आणि म्हैसाळ ही नावं महाराष्ट्र विसरलेला नसावा. परळीत २०१२ मध्ये गर्भपाताच्या वेळी एका बाईचा मृत्यू झाला, तेव्हा डॉ. सुदाम मुंडे प्रकरण बाहेर आलं. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा दिली. सांगली जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये, पुन्हा एका बाईच्या मृत्यूनंतरच, पुरलेले १९ गर्भ सापडले. दोन्ही वेळा गुन्हा उघड व्हायला बाईला मरावं लागलं. याचं कारण या गुन्ह्याच्या घडणीत आहे. इथे फिर्यादी नसतो. डॉक्टर गप्प, नवरा गप्प, सासू गप्प, बाईला बोलायची सोय नाही. उरतो तो कागद.

त्या कागदाचं नाव फॉर्म एफ. कुणाची सोनोग्राफी, कुणी पाठवली, कशासाठी, आधीची मुलं किती, काय दिसलं, हे सगळं त्यात लिहायचं. डॉक्टर मंडळींचा सगळ्यात मोठा राग या कागदावर आहे. एक रकाना रिकामा राहिला, सही राहिली, की यंत्राला सील आणि डॉक्टर आरोपी. खरे गुन्हेगार मोकाट आणि आम्ही कारकुनीच्या चुकांत अडकतो, असं ते म्हणतात. २०१६ मध्ये पुण्यातल्या रेडिओलॉजिस्टांनी याच कारणाने संप केला होता. या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. अधिकारी आकडे दाखवायला सोप्या केसेस करतात, हे आपण सगळ्याच खात्यांत पाहतो. पण २०१९ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला, तेव्हा न्यायालयाने फॉर्म एफ अपुरा ठेवणं ही किरकोळ चूक मानायला नकार दिला. ते बरोबरच झालं. जमिनीच्या भांडणात सातबाऱ्याला जे मोल, ते या गुन्ह्यात फॉर्म एफला. सातबाऱ्यावर एक नोंद चुकली तर माणूस तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. मग जन्मालाच न आलेल्या मुलींचा एकमेव पुरावा असलेल्या कागदावर एक सही नीट करायला हरकत काय?

आणि अशी चोख नोंद ठेवता येते, हे करून दाखवलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यात २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. तिथे जिल्हाधिकारी असताना लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारं उपकरण बसवलं. रेडिओलॉजिस्टांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, आणि २०११ मध्ये न्यायालयाने उपकरणाच्या बाजूने निकाल दिला. त्या वर्षीच्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ वर आला होता. राज्याचा खाली जात असताना. देशमुखांना वाचक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतात. या विषयावरचा त्यांचा कथासंग्रहही आहे, ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’. श्रेय एका उपकरणाला देऊ नये. लेक लाडकी अभियानाच्या अॅड. वर्षा देशपांडे यांच्यासारख्यांनी साताऱ्यातून बनावट गिऱ्हाईक पाठवून डॉक्टरांना रंगेहाथ पकडण्याचा धोका वर्षानुवर्षं पत्करला, श्रेय त्यांचंही आहे.

परत घाटात येऊ, कारण सगळ्यात अवघड भाग तिथे आहे, आणि तो यंत्राचा नाही, कॅलेंडरचा आहे. श्रावणात बाळंत होणाऱ्या बाईला दिवस गेलेले असतात दिवाळीच्या आसपास. वीस आठवड्यांची तपासणी येते होळीच्या सुमारास, बत्तीस आठवड्यांची वैशाखात. कातकरी कुटुंबं नेमकी याच काळात गावात नसतात. दिवाळी झाली की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. म्हणजे ज्या बाईला सोनोग्राफीची सगळ्यात जास्त गरज, ती तपासणीच्या दिवसांत विटा थापत असते आणि आठव्या महिन्यात परतते तेव्हा आभाळ भरून आलेलं असतं. गावच्या यादीत ती ‘स्थलांतरित’, भट्टीवरच्या गावाच्या यादीत ती नाहीच. ताम्हिणीत दर महिन्याला गाडी आली तरी ही बाई सुटेल. म्हणून गाडीचा फेरा भट्ट्यांवरही हवा, आणि मुळशीच्या आरोग्य केंद्राने घाटाखालच्या रायगडच्या आरोग्य केंद्राला, इतक्या जणी तुमच्याकडे आल्या आहेत, असा एक फोन करायला हवा. जिल्ह्याची हद्द ओलांडून फोन करायला शासन निर्णय लागत नसावा.

तेव्हा आवाहन कुणाला? पहिलं, हिंजवडीतल्या कंपन्यांना. त्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून शाळांना रंग लागतो, झाडं लावली जातात, पिशव्या वाटल्या जातात. एका वर्षी रंग राहू द्या. नोंदणी केलेलं फिरतं पथक जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाबरोबर करार करून चालवा. यंत्र, गाडी आणि प्रशिक्षित डॉक्टरचा पगार द्या. फलक लावायचा असेल तर लावा, हरकत नाही. बावधन-पिरंगुटच्या रेडिओलॉजिस्टांनी ९ तारखेचा एक दिवस माले गावच्या आरोग्य केंद्रासाठी द्यावा. कायद्यावरचा त्यांचा राग ते केंद्राच्या व्हरांड्यात बसून मांडू शकतात. तिथे ऐकणाऱ्या बायका असतील आणि त्यांनाही काही सांगायचं असेल.

वाचकांना आवाहन वेगळं आहे. या कायद्याने सामान्य माणसाच्या हातात दिलेल्या गोष्टी आपण वापरतच नाही. सल्लागार समितीत तीन सामाजिक कार्यकर्त्यांची जागा आहे, त्यांपैकी एक तरी महिला संघटनेची. तुमच्या तालुक्यात त्या जागांवर कोण बसलंय, समिती शेवटची कधी भरली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. या कायद्याच्या समुचित प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन कुणीही नागरिक थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. १०४ वर किंवा १८०० २३३ ४४७५ वर नाव न सांगता माहिती देता येते. खरी निघाली आणि गुन्हा दाखल झाला तर राज्य सरकारचं एक लाखाचं बक्षीस आहे. आणि ‘कायदा सैल करा’चा ठराव, अहवाल किंवा विधेयक पुढे आलं, तर आपल्या खासदाराला एक पत्र लिहा. १९८८ चा कायदा पत्रांनी, मोर्च्यांनी आणि चिकाटीनेच झाला होता.

उरली ग्रामसभा. २६ जानेवारीची ग्रामसभा या कामाला बरोबर वेळेवर येते, श्रावणात बाळंत होणारीचा तेव्हा जेमतेम तिसरा महिना सरलेला असतो. त्या सभेत बायकांची संख्या किती असते हे मला माहीत आहे, त्यामुळे आधी महिलांची ग्रामसभा घ्या. मसुदा इथेच देतो, हवा तसा बदलून घ्या:

ही ग्रामसभा ठराव करते की, (१) जून ते सप्टेंबर या काळात बाळंतपण अपेक्षित असलेल्या, वाड्या-वस्त्यांवरील व कामानिमित्त बाहेरगावी गेलेल्या स्त्रियांसह गावातील प्रत्येक गरोदर स्त्रीची किमान दोन वेळा मोफत सोनोग्राफी पावसाळ्यापूर्वी व्हावी, यासाठी नोंदणीकृत फिरते वैद्यकीय पथक दर महिन्याला ठरलेल्या तारखेस गावात पाठवावे, अशी मागणी तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा परिषद, पुणे यांच्याकडे करण्यात यावी. (२) गावात येणाऱ्या अशा प्रत्येक पथकाचे नोंदणी प्रमाणपत्र ग्रामपंचायतीने पाहून त्याची प्रत दप्तरी ठेवावी, आणि लिंगनिदानाची मागणी करणाऱ्या किंवा करून देणाऱ्या कोणाचीही माहिती समुचित प्राधिकाऱ्यास कळवावी. (३) गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा शिथिल करण्यास या ग्रामसभेचा विरोध आहे, हे खासदार व आमदार यांना लेखी कळवावे. (४) १ मेच्या ग्रामसभेत, कोणाचेही नाव न घेता, गावातील किती गरोदर स्त्रियांची तपासणी झाली, किती जणींची राहिली आणि का राहिली, हे आरोग्य सेविकेने वाचून दाखवावे.

सूचक आणि अनुमोदक यांच्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत.